काचेच्या कोपऱ्यातला म

फ्रेम हातात आली तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि हौसराव आप्पांनी तिची एक बाजू अजून सोडलेली नव्हती. फोटो निघेपर्यंत देणाऱ्याने वस्तू सोडायची नसते, हा आपल्याकडचा नियम. तेव्हा अर्धी फ्रेम त्यांच्या हातात, अर्धी माझ्या, डोक्यावर सैल फेटा, दौंडच्या त्या उकाड्यात खांद्यावर टोचणारी शाल, काखेत नारळ. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. पण जिचा जन्म काचा बघण्यात गेला त्या बाईची नजर काचेवरच जाणार. खालच्या उजव्या कोपऱ्यात, लाकडी पट्टीला चिकटून, एका आकड्याचं शेपूट दिसत होतं. छापलेलं नाही, कोरलेलं. हिऱ्याच्या लेखणीने काचेवर ओढलेली रेघ उजेड कसा धरते, ते मला कुणी सांगायला नको. बाजारातल्या काचेवर असे आकडे नसतात. आप्पांनी फ्रेम सोडली आणि मी खुर्चीत बसले. 

‘आणि बंधू-भगिनींनो, या फ्रेमचं खास वैशिष्ट्य!’ सूत्रसंचालन करणाऱ्या सुलक्षणा मॅडमचा आवाज वर चढला. ‘ही काच साधीसुधी नाही बरं का! आदरणीय डॉक्टर मरियम साळवे मॅडम यांच्या लाडक्या भाची, आपल्या दौंडच्या जस्मिनताई, यांनी मॅडमच्याच प्रयोगशाळेतली जुनी काच स्वतःच्या हातांनी धुऊन, घासून या फ्रेमला बसवून घेतली आहे. मॅडमची काच, मॅडमच्याच चरणी! टाळ्या झाल्या पाहिजेत!’ टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत जस्मिन उठून उभी राहिली, वळून सगळ्यांना हात जोडले आणि पुन्हा बसताना माझ्याकडे बघून हसली. लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन यायची तेव्हा हसायची तसंच. मी फ्रेम मांडीवर आडवी धरली. काच लखलखीत होती. तिच्यामागच्या फोटोत मी होते, तरुणपणची, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली.

धुऊन, घासून. एखादं खरकटं भांडं घासावं तसं किती सहज म्हणून टाकलं. शिरूरच्या घरी माझ्या पलंगाखाली पत्र्याचा डबा आहे. त्यात प्रयोगशाळेने भंगारात काढलेल्या काचा आहेत. निवृत्त झाले तेव्हा मी त्या मागून आणल्या. बाकीच्यांनी घड्याळ घेतलं, मी काचा घेतल्या. डब्यातल्या बहुतेक काचांना आता काही अर्थ नाही; त्या कुणी घासल्या काय आणि फोडल्या काय. एकीला अर्थ आहे, तिच्यावरच्या थरात एक रेघ आहे. ती एक काच सोमवारी पुण्याला जायची होती. स्नेहल नावाची मुलगी, तिकडच्या एका संस्थेत संशोधन करते, ती स्वतः गाडी घेऊन न्यायला येणार होती. त्यांच्याकडे आता असं यंत्र आलंय की ते काचेवरच्या थराचे वरपासून तळापर्यंत फोटो घेतं, पापुद्र्यामागून पापुद्रा, आणि सांगतं की रेघ वरवरची आहे की खोलातली. एवढंच मला हवं होतं. वरवरची की खोलातली. तेवढ्या एका उत्तरासाठी मी औषधं वेळेवर घेते, जिना धरून उतरते, आणि असल्या सत्कारांना नाही म्हणण्यात शक्ती घालवत नाही. आता मांडीवरची काच ती आहे की दुसरी, हे त्या लाकडी पट्टीखाली झाकलेलं होतं. आकड्याचं शेपूट कुठल्याही काचेचं असू शकेल. पण त्या एका काचेवर, आकड्याच्या शेजारी, मी एक म कोरला होता. नियमाबाहेर, कुणाला न विचारता. आकड्यांच्या काचांमध्ये एक तरी काच माझी म्हणून.

आप्पा बोलायला उठले. आप्पा म्हणजे भांडगावचं बडं प्रस्थ, सोसायटीपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे शब्द चालणारा माणूस. त्यांच्यामागे फ्लेक्स होता आणि त्यावर त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. त्याचं मला काही नाही. माझ्या नावाखाली लिहिलं होतं, ‘अणुबाँबच्या पहिल्या मराठी महिला शिल्पकार’. सकाळी न्हावऱ्यावरून येताना चौफुल्याला तोच फ्लेक्स दिसला तेव्हाच मी जस्मिनला फोन केला होता, की बाई, मी आयुष्यात बाँबच्या वाऱ्यालाही उभी राहिलेले नाही, मी आभाळातून येणारे कण बघत होते. ती म्हणाली, ‘आत्या, लोकांना अणू म्हटलं की तेच कळतं गं. आता लावलेत, राहू दे.’ राहू दे. माझ्या चरित्राला नाव द्यायचं तर हेच द्यावं. प्रयोगशाळेत बायकांसाठी संडास नव्हता, राहू दे. काचा बघणाऱ्या पोरींची नावं शोधनिबंधावर घालायची पद्धत नव्हती, राहू दे. पीएचडी झाल्यावरही प्रयोगशाळेचे खासनीस सर मला ‘आमच्या मुली’ या अनेकवचनात बसवत, राहू दे. आणि मग एक दिवस सगळ्यांना अचानक आठवलं की मी पहिली होते. पहिली बाई, त्या कामातली. तेव्हापासून मी पहिलीच आहे. पहिली म्हणून बोलावतात, पहिली म्हणून बसवतात. पहिलीने काय पाहिलं, ते मात्र कुणी विचारत नाही.

‘आता बघा,’ आप्पा म्हणत होते, ‘म्याडम आपल्या शिरूरच्या. मिशनच्या कंपौंडात वाढल्या. तवा कुठं लाइट होती का पानी होतं? न्हाई! आन् आज? आज आपण दौंडात त्यांचा सत्कार करतोय, ही काय साधी गोष्ट हाय व्हय?’

मला बोटाच्या नखाने पट्टी हलवून बघावीशी वाटली. हलवली. जराशी हलली. ऐनवेळी केलेली फ्रेम, कोपऱ्याचा डिंक अजून ओला होता. पण नख म्हातारं, त्याने काही जमेना.

मी काय पाहिलं होतं ते सांगते, कुणी विचारलेलं नसलं तरी. या काचांवर दुधावरच्या सायीसारखा जाड थर असायचा. काचा मोठ्या फुग्यांना बांधून आम्ही वर पाठवत असू, आभाळातून कण यायचे, थरातून आरपार जायचे, आणि जिथून गेले तिथे काच फोटोसारखी रसायनात धुतल्यावर काळ्या ठिपक्यांची ओळ उमटायची. मग आम्ही त्या सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसायचो. शेतात खुरपत जावं तसं, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एक पट्टा संपला की पुढचा. एका पावसाळी दुपारी, बाकीच्या मुली चहाला गेलेल्या असताना, मला एक ओळ दिसली. थोडी सरळ गेली आणि मग एकाएकी कोपऱ्यात वळावी तशी वळली. केसाच्या जाडीएवढंही अंतर चालली नसेल ती वळण्याआधी. म्हणजे काहीतरी जन्मलं होतं, एवढंसं जगलं होतं आणि मोडून दुसरं काही झालं होतं. तसलं काही असतं असं तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. मी भिंग खाली-वर केलं. ओळ खोल जात होती, एका थरातून दुसऱ्या थरात, मला स्पष्ट दिसत होतं. मी पुन्हा पाहिलं. मग नळावर जाऊन तोंड धुतलं, येऊन पुन्हा पाहिलं. होती.

खासनीस सर आले, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. फार वेळ नाही. ‘साळवे, ओरखडा आहे.’ मी म्हटलं, सर, खोल जातोय. ‘धुताना पडलेला असेल. एकच आहे ना? दुसरा दाखवा, मग बोलू. एक दिसलं म्हणजे काही दिसलं नाही.’ त्यांचं शास्त्र चुकीचं नव्हतं, हीच तर चीड. एकावर कुणी काही उभारत नाही. मी दुसरा शोधत राहिले. वर्षं गेली, तशी ओळ पुन्हा सापडली नाही. परदेशात कुणाकुणाला सापडली, त्यांची नावं झाली, पुस्तकांत चित्रं आली. ती चित्रं मी पाहिली तेव्हा जेवताना माझा घास तसाच हातात राहिला होता. सर म्हणाले, ‘आता तुम्हाला सगळीकडे तेच दिसणार.’ सर वारले. त्यांच्यावर लेख आले. ओरखडा मात्र ओरखडाच राहिला. आणि कदाचित तो ओरखडाच असेल, हेही मला मान्य आहे. मी चुकले असेन. मला फक्त कळायला हवं होतं, जिवंतपणी, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही.

‘आमच्या म्याडमनी,’ आप्पांनी मुठी वळल्या, ‘त्या काळात, बाई मानूस असून, अमेरिकेला सांगितलं की आमी बी करू शकतो!’ टाळ्या. अमेरिकेला मी काही सांगितलेलं नाही. मी शालीखाली हात घातला. माझ्या छातीवर ‘सत्कारमूर्ती’ लिहिलेला गुलाबी बिल्ला होता, फितीच्या फुलाचा, मागे टाचणी. मी तो काढला. टाचणी उघडली आणि पट्टीच्या सांध्यात घातली. सुलक्षणा मॅडमने माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, म्हातारी फोटो बसलाय की नाही ते बघतेय.

जस्मिनने ही काच धुतली यात तिचा दोष काय, असा विचार येत होता, आणि तो आल्यावर जास्तच संताप होत होता. दोष द्यायला कुणी सापडलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या घराण्याचा हा धंदाच होता. आमचे दादा, म्हणजे माझे वडील शमुवेल साळवे, मिशनच्या कंपौंडात फोटो काढायचे. तेव्हा फोटो काचेवर यायचे. लग्नं, बाप्तिस्मे, शाळेचे गट, गोरे पाद्री टोप्या घालून. फोटो छापून दिले, गिऱ्हाईक गेलं, वर्षभर कुणी दुसरी प्रत मागायला आलं नाही, की त्या काचा घमेल्यात जायच्या. गरम पाणी, धुण्याचा सोडा. आम्ही भावंडं भोवती बसायचो. जरा वेळाने काचेवरचा थर सुटायचा आणि माणसाचा चेहरा पाण्यावर तरंगायचा, क्षणभर, अख्खा, मिशांसकट, आणि मग सुरकुतून विरघळायचा. मला त्याची भीती वाटायची आणि तेच बघायला मी पुढे सरकायचे. दादा म्हणायचे, ‘काच चांगली विलायती हाय, वाया घालवू नये.’ स्वच्छ काच फ्रेमला लागायची, आत वचन, आणि ती फ्रेम नाताळात कुणाच्या तरी घरी जायची. शिरूरच्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या भिंतींवर अजून ती वचनं आहेत, पुसून टाकलेल्या माणसांच्या काचांमागे. माझा भाऊ एबनेझर हे सगळं आपल्या मुलीला कौतुकाने सांगायचा. मी शेजारी बसून हसत असे. तेव्हा जस्मिनला आत्याच्या पलंगाखाली पिवळट, काळपट थराच्या काचा दिसल्या, की तिला काय सुचणार? आजोबांची कला सुचणार. आत्याला चकित करायचं, विचारायचं नाही. आणि इतक्या काचांत कुठली घेईल? जी मलमलीत गुंडाळलेली असेल ती. जिला एकही टवका नसेल ती. जी मी सगळ्यात जपली तीच.

हे मनात आलं आणि मला पट्टी उचकटायची गरज उरली नाही. तरी मी उचकटत राहिले. आप्पा आता उसाच्या दरावर आले होते. पहिल्या रांगेतून जस्मिन मला हाताने खुणावत होती, आत्या, नको, नको, सुटेल ते. टाचणी वाकली. मी ती उलटी धरून दाबली. सांधा मोकळा झाला, पट्टी करंगळीएवढी बाजूला झाली, आणि उजेड त्या कोपऱ्यात शिरला. आकडा, आणि शेजारी म. थोडा वाकडा. तेव्हा माझा हात घाईत होता, कुणी येईल म्हणून.

सर, घ्या. आता या काचेवर खरंच फक्त ओरखडाच उरला आहे, आणि तो माझ्या हातचा आहे. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. सोमवारी स्नेहल येईल. चांगली मुलगी आहे, फोनवर दर वाक्याला मॅडम म्हणते. तिला काय सांगू? की काच आहे, अगदी सुरक्षित आहे, फ्रेम करून ठेवली आहे?

‘आता आदरणीय मॅडम आपल्याला मार्गदर्शन करतील,’ सुलक्षणा मॅडम म्हणाली. आप्पा माझ्याकडे झुकून हळूच बोलले, ‘म्याडम, पोरास्नी दोन शब्द सांगा. स्पर्धा परीक्षेचं जरा सांगा. आन् थोडक्यात, जेवनं तयार हायेत.’ मी फ्रेम घेऊनच माइकपाशी गेले. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. की माझ्या भाचीने माझा जन्म सोड्याच्या पाण्यात धुतला आणि तुम्ही त्यासाठी टाळ्या वाजवल्यात. जस्मिन पुढे सरकून बसली होती, मोबाइल दोन्ही हातांनी उंच धरून, माझं भाषण घ्यायला. तिने नवीन साडी घेतली होती. शाळेतून रजा काढून आठवडाभर माझ्या घरी राबली होती. मी म्हटलं, ‘या काचेत एक रेघ होती.’ आणि मग मी ती रेघ सांगितली. कुठून आली, किती सरळ गेली, कुठे वळली, भिंग खाली नेलं की कशी खोल जायची. ओरखडा असा खोल जात नाही, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांसमोर मी ते कधी बोलले नव्हते. परिषदांमध्ये एका रेघेला वेळ मिळत नाही. इथे मिळाला, आता तपासून बघता येणार नाही तेव्हा. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी जांभई दिली. मी थांबले तेव्हा सगळ्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. जस्मिनला तर एका हातात मोबाइल सांभाळून टाळ्या वाजवता येईनात.

लोक जेवायला उठले. माइकवाला वायरी गुंडाळायला लागला. जस्मिन स्टेजवर आली, माझा फेटा काढला, केस सारखे केले. ‘आत्या, किती छान बोललीस गं! मला सगळं काही कळलं नाही, पण छान होतं. आणि ती पट्टी कशाला उचकटलीस? फ्रेमवाले बाळासो म्हणाले होते, उद्यापर्यंत हात लावू नका. मी नेऊन नीट करून आणते त्यांच्या दुकानातून.’

‘जस्मिन,’ मी म्हटलं, ‘धुताना थर कसा सुटला?’

‘कसा म्हणजे?’

‘अख्खा निघाला का? सायीसारखा?’ कारण दादांच्या घमेल्यात कधीकधी अख्खा निघायचा. अख्खा निघाला असेल, कुठे चिकटून वाळला असेल, तर त्यातही ती ओळ असेल. वाकडीतिकडी झाली तरी असेल.

‘हो ना!’ जस्मिन खुलली. ‘पप्पा सांगायचे अगदी तस्साच. आधी सुटेचना, मग मी पाणी जास्त गरम केलं, तशी अख्खी साय वर आली. मी हातात धरली पण गं, जपून. पण बोटांतच विरघळली. मग ते पाणी तुझ्या कढीपत्त्याला घातलं. आणि नंतर ब्लेडने कडा घासल्या. बघ, एक डागसुद्धा ठेवला नाही.’

मी काचेकडे पाहिलं. ती ओळ नेमकी कुठे होती ते मला डोळे मिटूनही सापडतं, कोपऱ्यातल्या आकड्यापासून किती वर आणि किती डावीकडे. तिथे आता आरपार दिसत होतं. मागे माझा फोटो होता, त्यातली मी एक डोळा मिटून खाली बघत होते, इतक्या जिवाच्या आकांताने की मला तिचा राग आला. मी त्या जागेवर बोट टेकवलं आणि दाबून धरलं. काच गार होती. बोट उचललं तेव्हा तिथे माझ्या घामाचा एक लहानसा ठसा उमटला होता, रेघारेघांचा.

‘अगं, डाग पडला बघ,’ असं म्हणून जस्मिनने पदराचं टोक घेतलं आणि तोंडाची वाफ देऊन पुसायला वाकली.

‘राहू दे!’ मी ओरडले. वायरी गुंडाळणारा माणूस थांबला. जिन्यापाशी आप्पा मागे वळले. जस्मिनचा हात तसाच हवेत राहिला आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

‘राहू दे गं,’ मी म्हटलं. ‘एक तरी राहू दे.’